भाडं आणि भारा

माझी भाची लग्नानंतर मेलबर्नला राहते. दर रविवारी तिचा फोन येतो. हवापाणी, तब्येती, भाज्यांचे भाव हे सगळं झालं की ती तिकडची एखादी गंमत सांगते. मध्यंतरी तिने तिच्या अमेरिकन शेजारणीची गोष्ट सांगितली. ही बाई नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेतून ऑस्ट्रेलियात आलेली. आल्या आल्या शेजाऱ्यांनी तिला घरी बोलावलं आणि सांगितलं, "येताना एक प्लेट घेऊन ये." बाईंना वाटलं, यांच्याकडे भांडी कमी असतील. म्हणून कपाटातली चांगली नक्षीची प्लेट काढली, पुसली आणि घेऊन गेल्या. रिकामी! ऑस्ट्रेलियात 'प्लेट घेऊन ये' म्हणजे 'काहीतरी पदार्थ करून आण', हे त्यांना कोण सांगणार? भाषा तीच, इंग्रजी. शब्दही अगदी पहिलीच्या पुस्तकातले. तरी चारचौघांत बाई रिकामी प्लेट धरून उभी!

भाची हसत होती. मीही हसले. पण फोन ठेवला आणि मला माझा दिघा आठवला. तुम्ही म्हणाल, कुठे मेलबर्न आणि कुठे दिघा! पण ऐका तर खरं. मीसुद्धा एकदा अशीच भलतं ओझं घेऊन दारात उभी राहिले होते, आणि तेही आपल्याच मराठीपायी.

दिघा म्हणजे नवी मुंबईचं उत्तरेकडचं टोक. ठाण्याहून बेलापूरकडे निघालं की कळवा, विटावा मागे टाकून दिघा लागतं, मग ऐरोली. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी आणि मधून ठाणे-बेलापूर रस्ता. डोंगराच्या अंगाला ईलठणपाड्याजवळ इंग्रजांच्या काळात रेल्वेसाठी बांधलेलं धरण आहे. आता तिथे लोकल थांबते. ठाण्याहून ऐरोली-वाशीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पहिलंच स्टेशन 'दिघा गाव'. १२ जानेवारी २०२४ ला ते सुरू झालं. मी गेले तेव्हा मात्र स्टेशन तर सोडाच, ही रेल्वेच नव्हती. कळव्याला उतरायचं, बसची वाट पाहायची आणि बस नाही आली तर पदर खोचून चालू लागायचं.

ते साल होतं १९८३, महिना मे. माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते. यजमानांना तिथल्या एका कारखान्यात नोकरी, आणि गावात एका आगरी कुटुंबाच्या घराला लागून बांधलेल्या खोल्यांपैकी एक खोली भाड्याने घेतलेली. माझं माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावकडचं. घरात माळकरी सासरे, जोंधळ्याची भाकरी, डोक्यावरून पदर आणि बोलण्यात 'या की', 'बसा की'. मनात म्हटलं, मुंबईत कुणी गुजराती, कुणी मद्रासी शेजार मिळतो, भाषेची पंचाईत होते. आपलं बरं, शेजार मराठीच आहे!

तिथेच तर चुकलं. परभाषेचा शेजार असला की माणूस सावध असतं, दोनदा विचारतं, हाताने खुणा करतं. आपल्याच भाषेचा शेजार असला की आपण सावध नसतो. शब्द कानावर ओळखीचा पडतो आणि आपण त्याला आपला अर्थ लावून मोकळे होतो.

पहिल्याच दिवशी घरमालकीण काकी म्हणाल्या, "ये बाय, ओटीवर बस." मी गोंधळले. ओटी म्हणजे पदरात खण-नारळ घालतात ती, एवढीच मला ठाऊक. तिच्यावर बसायचं कसं? काकींनी हाताला धरून पुढच्या पडवीत बसवलं तेव्हा कळलं की आमच्याकडे सोपा, तीच यांची ओटी.

आणि मग तो भारा. महिना भरला. यजमान दुसऱ्या पाळीला, म्हणजे दुपारी गेले की मध्यरात्री घरी. काकी दारात आल्या नि म्हणाल्या, "बाय, भारा कवा देशील?" मी म्हटलं, "कसला भारा?" तर म्हणाल्या, "सगल्यांनी दिला, तुजाच रायला." आमच्याकडे भारा म्हणजे सरपणाचा नाहीतर कडब्याचा. मला वाटलं, इथली रीत असेल. बिऱ्हाडकरूने मालकाच्या बंबाला महिन्याकाठी एक भारा लाकूड घालायचं. नव्या सुनेने रीत मोडायची कशी? दुपारी डोंगराकडून मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका दिसल्या. घासाघीस करून एक मोळी घेतली, डोक्यावरून आणली आणि काकींच्या अंगणात धाडकन टाकली. "घ्या काकी, तुमचा भारा!"

सगळं आवार बाहेर आलं. काकी आधी बघतच राहिल्या आणि मग पोट धरून हसायला लागल्या. आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो आणि 'भाडं'चं होतं 'भारा'. काकी खोलीचं भाडं मागत होत्या! त्या दिवसापासून दिघ्यात मी असेपर्यंत माझं नाव 'भारेवाली' पडलं ते पडलंच.

हळूहळू कान तयार झाला. ळ आला की ल, ण आला की न, ड आला की र. गाडी ती गारी, शाळा ती शाला, पाणी ते पानी. 'मला' नाही, 'मना'. मासळीला म्हावरा. काकींची मुलंही माझी मजा करायची. मी "बसा की" म्हटलं की ती एकमेकांना "खा की, जा की, झोप की" करत अंगणभर नाचायची. मला राग यायचा. पण त्यांच्या कानाला माझी मराठी तितकीच विचित्र होती, हे कबूल करायला हवं.

शब्दांचं एकवेळ ठीक. ते चार महिन्यांत समजतात. वागण्याचे अर्थ समजायला वेळ लागतो.

आता हेच बघा. आमच्याकडे कुणी काही पुढे केलं की आधी 'नको' म्हणायचं. मग यजमानीण आग्रह करते, आपण पुन्हा 'नको नको' म्हणतो, आणि तिसऱ्यांदा घेतो. याला आम्ही रीत म्हणतो. काकींनी पहिल्यांदा जेवायला बसवलं तेव्हा मी रीतीप्रमाणे भाताला 'नको' म्हटलं. त्यांनी पातेलं उचलून आत नेलं! मी अर्धपोटी उठले आणि रात्री खोलीत शेंगदाणे-गूळ खाल्ला. मनात म्हटलं, काय ही माणसं, आग्रह म्हणून नाही! त्यांच्या दृष्टीने मात्र 'नको' म्हणजे नको. भूक असलेलं माणूस 'नको' कशाला म्हणेल?

दुसरं म्हणजे 'तू'. आमच्याकडे सासऱ्यांना, दिरांना, परक्या वडीलधाऱ्यांना अहो-जाहो. काकींच्या घरात सगळ्यांना 'तू'. सून सासूला तू, पोरं आजोबांना तू, आणि माझ्या यजमानांनाही सगळे "काय रं, जेवलास क?" यजमान घरी आले की धुमसायचे. पुढे आमच्या लक्षात आलं की त्या आवारात 'तुम्ही' फक्त सरकारी माणसाला आणि न आवडणाऱ्या पाहुण्याला मिळत होतं. 'तू' मिळालं म्हणजे घरात प्रवेश मिळाला.

तिसरं, काकी सरळ माझ्या चुलीपाशी यायच्या. "काय रांधलास?" म्हणत झाकण उचलून बघायच्या. आमच्याकडे शेजारणीने दुसरीचं झाकण उचललं तर वर्षभर बोलणं बंद. आणि तोंडावर बोलणं तर असं, "लुकरी झालीस गो, नवरा जेवाला देत नाय क?" लुकरी म्हणजे लुकडी, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. मी आईला पत्र लिहिलं, "इथल्या बायका फटकळ आहेत." फटकळपणा आणि आपलेपणा यांत किती थोडं अंतर असतं, हे ते पत्र लिहिताना कुठे माहीत होतं!

एकदा फोडणी टाकायला गेले तर आमची चटणी संपलेली. सातारा-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना सांगायला नको, आपली 'चटणी' म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट. मी वाटी घेऊन गेले, "काकी, थोडी चटणी द्या." त्यांनी प्रेमाने ओल्या नारळाची हिरवीगार चटणी दिली. तेल कढईत तापलेलं! त्यांच्याकडे लाल तिखटाला म्हणतात 'मसाला'. त्या दिवशी यजमानांनी वांग्याची भाजी खोबऱ्याच्या चटणीत खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, ही गोष्ट वेगळी.

मी गेले तो महिना आगोटीचा. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. मिरच्या वाळत होत्या, वाल वाळत होते आणि चटयांवर सुकट, जवळा, बोंबील पसरलेले. वासाने माझा जीव नकोसा झाला. भर मे महिन्यात मी खिडकी लावून बसायची. काकी ओरडायच्या, "खिरकी का लावलीस गो, उबशील!" मी मात्र तोऱ्यात होते. गावाहून आणलेले माझे पापड, सांडगे, कुरडया डब्यात भरलेले होते ना! आमच्या कोरड्या हवेत ते वर्षभर टिकतात. दिघ्याचा पाऊस सुरू झाला आणि महिन्याभरात पापडांना बुरशी आली. जुलैत तीन-तीन दिवस धार लागायची, भाजीवाली यायची नाही, आणि काकींच्या डब्यातून मात्र वाल निघायचे, मसाला लालबुंद निघायचा. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मी आजही पाळते, तुम्हीही करून पाहा. मसाल्याच्या बरणीत तळाला आणि वर हिंगाचे खडे ठेवायचे. आणि पावसात जरा उघडीप मिळाली, ऊन पडलं, की कामं बाजूला ठेवून साठवणीचे डबे उन्हात उघडायचे.

सगळ्यात अवघड गेली ती तांदळाची भाकरी. जोंधळ्याच्या पिठात गरम पाणी घालून मळलं की काम झालं. तांदळाला तेवढ्याने चिकटा येत नाही, ती तव्यावर तुटते. तिला उकड लागते. जितकं पीठ तितकंच पाणी घ्यायचं, मीठ घालून खळखळून उकळायचं, त्यात पीठ टाकून लाटण्याच्या टोकाने ढवळायचं, झाकण ठेवून एक वाफ आणायची. मग ऊन ऊन असतानाच, हात सोसेल तसं, पाण्याचा हात लावून लोण्यासारखं मळायचं. परातीत पाण्याच्या हातानेच थापायची, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं.  माझ्या पहिल्या चार भाकऱ्या काकींच्या कोंबड्यांनी खाल्ल्या.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. आणि मग गौरी आल्या.

आमच्याकडे गौरी म्हणजे सोवळं. पुरणपोळी, सोळा भाज्या, कांदा-लसणालाही बंदी. मी माझ्या खोलीत दोन मुखवटे मांडून जमेल तसा नैवेद्य केला होता. दुपारी काकी ताट घेऊन आल्या, वर केळीचं पान झाकलेलं. म्हणाल्या, "गवरीचा निवद हाय, खा." मी पान उचललं. वडे आणि मटण! कोकणात, खाडीकाठच्या बऱ्याच घरांत गौरीला असा तिखट नैवेद्य असतो. माहेरवाशीण आली, तर घरात जे सगळ्यात चांगलं ते तिला वाढायचं, हा त्यामागचा साधा विचार. मला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला आणि तोंडून निघून गेलं, "आम्ही असलं खात नाही."

नुसतं 'खात नाही' म्हटलं असतं तर चाललं असतं. 'नको' म्हणजे नको, हे तर त्यांनीच मला शिकवलं होतं. पण मी 'असलं' म्हटलं. काकी क्षणभर उभ्या राहिल्या. "तुजी गवर वेगली न माजी वेगली क?" एवढंच म्हणाल्या आणि ताट घेऊन गेल्या.

त्यानंतर काकींनी माझं झाकण उचललं नाही. भाडं मागायला मुलगा यायचा. नळावर भेटलो तर हंडा भरून जायच्या. आणि एकदा मला म्हणाल्या, "तुमी भरून घ्या आधी." 'तुमी'! मैत्रिणींनो, इतकं लागलं म्हणून सांगू! ज्या 'तू'चा मला राग यायचा, त्याच्यासाठी मी आतल्या आत झुरत होते. पण माफी कशी मागायची? आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या पाया पडलं की सगळं मिटतं. इथे काय करतात, ते मला ठाऊक नव्हतं.

संक्रांत आली. मी हळदीकुंकू केलं, घरोघर बोलावणं केलं. काकी आल्या नाहीत.

आता थोडं मागचं सांगते, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. आगरी हे नाव आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलं. पावसाळ्यात भातशेती, उन्हाळ्यात मीठ, आणि खाडीतलं म्हावरं, यावर ही गावं जगत होती. साठीच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातली शेतं कारखान्यांसाठी गेली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसवण्यासाठी आजच्या ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन उभं राहिलं. १९८४ च्या जानेवारीत, संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते, तेव्हा १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यात जासईच्या बाजूला आंदोलकांवर गोळीबार झाला. पाच माणसं गेली.

काकींचं माहेर तिकडचं. त्यांचा धाकटा भाऊ त्या गर्दीत होता. फोन नाही, वाहनं बंद, पेपरात नावं धड नाहीत. दोन दिवस त्याचा पत्ता लागेना. काकी ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती.

मी खोलीत येरझारा घालत होते. जावं की नाही? गेले तर काय न्यावं? घरात होतं बेसन आणि जोंधळ्याचं पीठ. पण आमच्याकडे शेजारी पिठलं-भाकरी नेतात ती माणूस गेलेल्या घरी. ते ताट बघून काकींना काय वाटेल? त्यांच्याकडे त्याचा काय अर्थ होतो? शेवटी म्हटलं, अर्थ लावत बसले तर ती बाई उपाशी राहील. पाच भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, ताटावर फडकं टाकलं आणि ओटीवर नेऊन ठेवलं. तोंडातून शब्द फुटेना. काकींनी फडकं उचललं. माझ्याकडे पाहिलं. भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "असला आमी खाताव, बाय."

मी तिथेच बसून रडले. त्यांनी 'बाय' म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी भाऊ आला. पायाला लागलं होतं, पण धड होता. त्या संध्याकाळी काकी कितीतरी वेळ बोलल्या. समोरच्या कारखान्याचा भोंगा झाला. म्हणाल्या, "तो भोंगा वाजतो न, तिथं आमचा खला व्हता." खला म्हणजे खळं. जिथे त्यांनी भात झोडला, तिथे आता भिंत होती आणि तिच्या आत यंत्रं. माझे यजमान रोज त्याच भोंग्यावर कामाला जात होते! मला कसंसंच झालं. सहा महिने मी मनात धरून बसले होते, काकी घरमालकीण, खोल्यांचं भाडं येतं, यांना काय कमी! त्यांनी विचारलं, "तुमची जमीन हाय क गावाला?" म्हटलं, "आहे, सात एकर, पण कोरडवाहू. पिकतंय कुठं?" त्या म्हणाल्या, "नाय पिकली तरी हाय न. तुला परत जावाला जागा हाय."

त्या वाक्यावर मी तेव्हा काही बोलले नाही. आजही बोलता येईल असं वाटत नाही. पण पुढच्या महिन्यात भाडं मी स्वतः नेऊन दिलं, मुलाला यावं लागलं नाही. त्यानंतर कधीच लागलं नाही.

पुढच्या गौरीला मी काकींकडे गेले. मटण खाल्लं नाही, घरच्या माळेचा मान होता. पण स्वच्छ सांगितलं, "काकी, हे मला चालत नाही, वडा चालतो." त्यांनी वडा दिला, वर गूळ दिला. त्या आमच्या पुरणपोळीला आल्या, आणि दुधात कुस्करलेली पोळी बघून म्हणाल्या, "एवरा गोर? दात परतील!" इतकं गोड खाल्लं तर दात पडतील, असं म्हणत दोन पोळ्या खाल्ल्या. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हातच्या आंघोळीने वाढली. मुलगी पहिल्यांदा बोलली तेव्हा 'पानी' म्हणाली, आणि सासूबाईंनी गावाहून पत्र धाडलं की पोरीची भाषा सुधारा!

१९९९ साली यजमानांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आम्ही साताऱ्याला परत आलो. परत जायला जागा होती, म्हणून आलो.

गेल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, काकींच्या नातवाच्या लग्नाचं आमंत्रण आलं. त्यातही बजावलं होतं, "लग्नाला नाय आलीस तरी चालेल, हळदीला ये." कारण आपल्याकडे हळद म्हणजे सकाळचं तासाभराचं काम, पण तिकडे हळद म्हणजे रात्रभराचा सोहळा, अख्खं गाव लोटतं. पूर्वी धवलारीण यायची. धवले गात गात लग्नाचे विधी पार पाडणारी ही बाई. भटजींच्या जागी बाई बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा दिघ्यातच पाहिली. आता लाऊडस्पीकरचा दणदणाट होता, पण एक म्हातारी धवलारीण कोपऱ्यात बसली होती आणि मधे आवाज थांबवून तिला गाऊ देत होते, हे बघून बरं वाटलं.

साताऱ्याहून एसटीने ठाण्याला आले, लोकलमध्ये बसले आणि डबी उघडून शेंगदाणे तोंडात टाकेपर्यंत 'दिघा गाव' आलंसुद्धा. हिवाळ्या-उन्हाळ्यात तुम्ही त्या बाजूला गेलात तर पुढच्या ऐरोलीला जरूर उतरा. तिथून खाडीतले फ्लेमिंगो बघायला बोटी जातात. मी मात्र दिघ्यालाच उतरले. ओळखीचं काही दिसेना. कौलारू घराच्या जागी चार मजली इमारत. आमच्या खोल्या कुठे होत्या, तेही कळेना. तो कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली आहेत, भोंगा आता वाजत नाही. पण नव्या इमारतीलाही खाली एक ओटी ठेवली आहे, आणि ओटीवर काकी बसल्या होत्या. नव्वदीच्या जवळ आल्या आहेत. दिसतं कमी.

"कोन?" त्यांनी विचारलं.

"भारेवाली," मी म्हटलं.

त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "आनलास क भारा?"

आणला होता. पिशवीत जोंधळ्याचं पीठ, भुईमुगाच्या शेंगा आणि बरणीभर चटणी, तळाला नि वर हिंगाचे खडे घातलेली. काकींनी बरणी हुंगली.

मैत्रिणींनो, तुमच्या शेजारी कुणी आपलीच भाषा बोलणारं, पण लांबच्या गावचं बिऱ्हाड आलं असेल, तर त्या बाईचा एखादा शब्द खटकला की लगेच मनात धरू नका. आधी विचारा, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" मला हे विचारायला सहा महिने लागले.

निघताना काकींनी मला जवळ ओढून कानात सांगितलं, "सून घाटावरली आनताव. बार्शीची हाय." आणि बरणीवर हात ठेवून म्हणाल्या, "ती चटनी मागल तवा मसाला द्यावाचा. माज्या ध्यानात हाय."